हल्याचा पिक्चर

भुताचे पिक्चर मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. लोक काय म्हणतील याची फिकीर करायचं माझं वय आता राहिलं नाही. सत्तरच्या दशकात सरकारी कामासाठी जालन्याला जायची वेळ आली, की काम अकराला उरकायचं आणि बाराच्या खेळाला मी थेटरातल्या बाकड्यावर हजर. पिक्चर जितका टुकार तितकी मजा जास्त. वटवाघळाची दोरी दिसायची. हडळीच्या पांढऱ्या साडीला कडक इस्त्री असायची. रक्त तर इतकं घट्ट, की पोळीला लावून खावं. मागच्या पिक्चरमध्ये गळा आवळून मेलेला माणूस या पिक्चरमध्ये पुन्हा गळा आवळून घ्यायला टवटवीत होऊन आलेला असायचा. आम्ही शिट्ट्या मारायचो, हडळीला सावध करायचो की मागून हिरो आला बरं का, आणि हसून हसून बेजार व्हायचो.

मधेच एखादा मांत्रिक कोंबडं हातात धरायचा आणि त्याची मान उडवायचा. तिथेही मी हसायचो. खरं म्हणजे मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, मरणारं जनावर मांडीवर घेऊन बसणं हे माझं रोजचं काम. जीव जाताना जनावर पाय कसे झाडतं ते मला पाठ होतं. पण बाकड्यावर बसलं की मी ड्रेसर राहत नसे, पब्लिक होत असे. सगळा पिक्चर खोटा, तर कोंबडंही खोटंच असणार, असं मी धरून चाललो होतो. ते हसणं पुढं बंद झालं. त्याला कारण आमच्या गावचा हल्या.

आमचं गाव अंबड तालुक्यात, वडीगोद्रीहून कच्च्या रस्त्यानं जावं लागे. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. हल्या म्हणजे रेडा. पूर्वी गावच्या देवीच्या जत्रेत दरवर्षी एक रेडा कापत, आणि ते काम आमच्या वस्तीवर असे. एकानं सुरा चालवायचा, एकानं दोरी धरायची. दोरी धरणारा माझा बा. तरणाताठा होता, रेडा त्याच्या हातातून सुटत नसे, म्हणून मान त्याला. छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला आणि त्याच वर्षी पाटलाला सांगून टाकलं, की ह्यापुढं हे काम आमच्याकडून होणार न्हाई. गाव थोडे दिवस रागावलं. मग दुसरा कोणीतरी सुरा धरील म्हणून वाट पाहिली. गावात भक्ती भरपूर होती, पण हात कोणाचा पुढं येईना. शेवटी देवीनं नारळावर भागवलं.

तरी जुन्या सवयीनं एका घरानं आजारपणात नवस बोलून एक रेडकू देवीला सोडलंच. कापायला कोणी नाही आणि देवाचं म्हणून विकताही येत नाही. मग ते नुसतं वाढत राहिलं. तोच हा हल्या. काळाकुळकुळीत, मागं वळलेली मोठी शिंगं, आणि स्वभाव असा की बाया त्याच्या पाठीवर गोधड्या वाळत घालत. गावातली एकूण एक म्हैस त्याची सोयरी. बहात्तरच्या दुष्काळात माणसांना खायला नव्हतं, तरी घराघरातून त्याला कडब्याच्या चार काड्या जात होत्या. त्याच दुष्काळात गावाबाहेर पाझर तलाव खोदला. माझ्या मायनं त्यावर मातीच्या पाट्या वाहिल्या. पुढं पाऊस झाला, तलाव भरला, आणि त्या तलावाचा सगळ्यात जास्त उपयोग हल्यानं करून घेतला. दुपारी बाराला तो पाण्यात शिरायचा आणि मन भरलं की बाहेर यायचा. गावाला घड्याळाची गरज नव्हती.

बा त्याच्याशी घरच्या माणसासारखा भांडायचा. "तुझ्यापायी दोरी सोडली, अन् आता तुलाच पोसून राह्यलो," असं म्हणत त्याच्यापुढं पेंढी टाकायचा. हल्या फक्त त्याचंच ऐकायचा.

दुष्काळ संपून दोनतीन वर्षं झाली असतील. दसरा नुकताच झाला होता, ऊन मात्र चैत्रासारखं. गावात एक जीप आणि एक मोठी बंद गाडी आली. मुंबईचे पिक्चरवाले. त्यांना आमची पडकी गढी हवी होती. आत वटवाघळं फुकटात होती, दोरीचा खर्च वाचला. पाटलानं गढी दिली, फक्त आपल्याला पिक्चरमध्ये दाखवायचं एवढी अट घातली आणि दुसऱ्या दिवसापासून मिशांना तेल लावायला सुरुवात केली.

शूटिंग बघायला अख्खं गाव लोटलं. पहिल्याच दिवशी आमचं हसू आवरेना. पिक्चरमध्ये सगळी अमावस्येची रात्र, आणि हे लोक ती रात्र भर दुपारी बाराला करत होते. कॅमेऱ्यापुढं निळी काच लावायची, की झाली रात्र. जितकं ऊन कडक तितकं चांदणं छान, असं त्यांच्यातला एक जण मला समजावून सांगत होता. हडळ छत्रीखाली बसून लिंबूसरबत पीत होती आणि बोलावलं की जाऊन किंचाळून येत होती. माझ्या मायला ती फार आवडली. माय तिच्यासाठी रोज गरम भाकर नेत असे.

त्यांच्या मॅनेजरची नजर हल्यावर गेली. मांत्रिक रेडा बळी देतो असा सीन होता. तो पाटलाकडे गेला. पाटील म्हणाला, "देवाचा हाये, म्हंजे कोणाचाच न्हाई. घेऊन जा, बिलकुल घेऊन जा." मग मॅनेजर माझ्याकडे दवाखान्यात आला. जनावर निरोगी असल्याचा कागद त्याला पाहिजे होता. डॉक्टर रजेवर होते आणि शिक्का माझ्या ताब्यात होता. मी कागद सुवाच्य अक्षरात लिहिला, शिक्का मारला आणि वर त्याला चहा पाजला. आमचा हल्या पिक्चरमध्ये जाणार याचा मला इतका आनंद झाला होता, की कागद कशाला हवा हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी बानं मला एकच गोष्ट विचारली. दोरी धरायला पिक्चरवाल्यांनी त्यालाच बोलावलं होतं, कारण दुसऱ्या कोणी ओढलं तर हल्या जागचा हलेना.

"खोटं खोटंच हाये ना रे ते?"

"बिलकुल खोटं," मी म्हणालो. "तलवार वर जाते, कॅमेरा बंद होतो, मंग लाल रंग ओततेत. मी दहा पिक्चर पाह्यलेत."

"बघ बरं. मी ती दोरी सोडली व्हती."

"बा, पिक्चर हाये तो," मी म्हणालो. मायनंही माझीच बाजू घेतली. तिनं कधी पिक्चर पाहिला नव्हता, पण मेलेली माणसं पुढच्या पिक्चरमध्ये परत येतात हे तिनं माझ्याकडून ऐकलं होतं, आणि तसं असेल तर हल्याचं काय बिघडणार होतं.

मग बायांनी हल्याला नटवायला घेतलं. पोळ्याला बैलांची मिरवणूक निघते, रेड्याकडे कोणी बघत नाही. इतक्या वर्षांचा हा अन्याय भरून काढायचं सगळ्यांनी ठरवलं. पोळ्याचं उरलेलं लालभडक हिंगूळ शिंगांना लावलं, त्यावर सोनेरी बेगड चिकटवली. पाटलाच्या बैलाची झूल आली, ती अर्ध्या पाठीलाच पुरली. मायनं पुरणाची पोळी केली आणि स्वतःच्या हातानं भरवली. हल्यानं पोळी खाऊन मायच्या लुगड्याचा पदर चावून पाहिला. पटक्यातला पाटील आणि झुलीतला हल्या शेजारी उभे राहिले, तेव्हा हिरो नेमका कोण यावर वस्तीत बरीच चर्चा झाली.

शूटिंगच्या दिवशी मी रजा टाकून सकाळीच गढीवर गेलो. मॅनेजरनं मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि बोलता बोलता विचारलं, "इधर चमडे का कोई गिऱ्हाईक है क्या? शाम तक उठा ले जाए तो अच्छा रहेगा."

"कोणाचं चमडं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही विनोद केला होता. मग हल्याकडे बोट दाखवलं. पलीकडे भिंतीला टेकून एक आडदांड माणूस बसला होता. त्याला मी तीन दिवस नट समजत होतो. तो दगडावर पातं घासत होता. मॅनेजरनं मला समजावलं, की रंगात मजा येत नाही, पब्लिक ओळखते. भुताला हसतात, रंगाला हसतात, पण हे पाहिलं की थेटर चूप होतं.

मी कागद परत मागितला. त्यानं खिसा थोपटला आणि जनावर कापायला आता सरकारी शिक्का आहे, म्हणाला. मी पाटलाकडे धावलो. पाटील आरशासमोर पटका बांधत होता. ऐकून त्याचाही चेहरा पडला. "मला हे सांगितलं न्हाई त्यांनी," तो म्हणाला. "पर मी शब्द देऊन बसलोय. अन् पह्यले बी कापतच व्हते ना." एवढं बोलून तो पटक्याचं टोक शोधू लागला. शब्द आणि पटका दोन्ही सोडायची त्याची तयारी नव्हती, आणि मला त्याचा राग आला. त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. कागद माझाच होता आणि बाला सांगितलेली गोष्टही माझीच होती.

बा गढीच्या दारात उभा होता. मेकपवाल्यानं त्याच्या कपाळाला राख फासली होती, आणि हातात दोरी. तितकी शरम मला पुढं कधी वाटली नाही. मी म्हणालो, "बा, खोटं न्हाई. खरंच कापणार हायेत."

मला वाटलं, तो मला चारचौघात थोबाडीत देईल. त्यानं हल्याकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे पाहिलं.

"किती वाजले?"

"पावणेबारा."

"बरं. तू मायजवळ जाऊन बस."

मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो, तर त्यानं हातानंच जा म्हटलं.

पंधरा मिनिटांनी निळी काच लागली. ढोल वाजू लागले. हडळ छत्री टाकून जागेवर गेली. मांत्रिक मंत्र म्हणत होता, पातंवाला त्याच्या मागं येऊन उभा राहिला. बा हल्याला घेऊन संथ चालत पुढं आला. कॅमेऱ्यासमोर, अगदी सांगितलेल्या जागी. हल्या झुलीखाली उकडून गेला होता, जीभ बाहेर आली होती. बानं कॅमेऱ्याकडे पाठ केली, दोन्ही हातांनी हल्याच्या मानेतली दोरी सोडवली आणि ती नीट गुंडाळून काखेत घेतली.

बारा वाजले होते. हल्या निघाला.

रेडा दुपारी पाण्याकडे निघाला की त्याच्या वाटेत उभं राहायचं नसतं, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. मुंबईच्या माणसांना ते माहीत नव्हतं. हल्यानं कोणाला मारलं नाही, कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो फक्त सरळ चालत गेला. मांत्रिक होमावरून उडी मारून पलीकडे गेला. पातंवाला पातं टाकून भिंतीवर चढला. हडळ एक चप्पल सोडून पळाली, आणि तेव्हा जी किंचाळली ती सगळ्या पिक्चरमधली सर्वांत चांगली किंकाळी होती. बेगड चमकवत हल्या तलावात शिरला, पाटलाच्या झुलीसकट खाली बसला, आणि वर फक्त नाक आणि लाल शिंगं राहिली.

गाव पोट धरून हसत होतं. मॅनेजर काठावर नाचत होता. "निकालो उसको," तो बाला म्हणाला.

"पाण्यातून काढणं माझ्या हातात न्हाई साहेब," बा म्हणाला. "मन भरलं की येतो."

"कब?"

"कधी चारला येतो, कधी पाचला. आज कपडे घालून गेलाय, वेळ लागंल."

एकदोघांनी दगड उचलले, तर माय आणि दहाबारा बाया त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. तलाव त्यांनी डोक्यावर माती वाहून खोदलेला होता, तिथं कोणाची दगड मारायची टाप नव्हती. पिक्चरवाले वाट बघत बसले. तीन वाजले, चार वाजले. साडेपाचला हल्या निवांत बाहेर आला तेव्हा सूर्य टेकला होता. दिवस मावळला, त्यामुळे त्यांना रात्र करता येईना. हडळीला त्याच संध्याकाळी जालन्याहून गाडी पकडायची होती. जाताना मॅनेजरनं माझा कागद चुरगळून माझ्या अंगावर फेकला. मी तो उचलला आणि घरी नेऊन चुलीत घातला. हडळ जीपमधून मायला हात करत गेली.

त्या आठवड्यात बाचा रुबाब काही विचारू नका. पाटलानं झूल खराब झाली म्हणून दोन दिवस कुरकूर केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः हल्याला सरकी खाऊ घातली. चावडीवर एकानं मला खोचून विचारलं, की रविवारी मटण खातो आणि रेड्याचा एवढा पुळका कशाला. उत्तर मायनं दिलं. "कोंबडं खाल्लं तर पोट भरतं," ती म्हणाली. "बघून काय भरतं?"

वर्षभरानं तो पिक्चर जालन्याला लागला. अख्खी वस्ती आणि अर्धं गाव वडीगोद्रीहून एसटीनं निघालं. बाहेर फक्त प्रौढांसाठी असं लिहिलं होतं. मायनं मला ते वाचायला लावलं आणि आपण बसतो का त्यात, म्हणून दारवाल्याला विचारून घेतलं. पाटील खुर्चीत, आम्ही बाकड्यावर. पाटलाचा सीन आला आणि गेला. पटक्याची मागची बाजू दिसली. पाटील अर्धा उठून उभा राहिला होता, तो हळूच खाली बसला.

मग हल्या आला. आमची हिंगळाची शिंगं, आमची बेगड, आणि दोरी धरून चालणारा बा. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मायनं तोंडाला पदर लावला. बा बाकड्यावर ताठ बसला होता. मांत्रिकानं हात वर केला, पातं वर गेलं आणि खाली आलं.

शिंगं आखूड होती. त्यांना हिंगूळ नव्हतं. एक कान फाटका होता. रेडा गुडघ्यांवर बसला आणि पाय झाडू लागला, आणि ते पाय झाडणं मला ओळखीचं होतं. थेटर चूप झालं होतं, मॅनेजर म्हणाला होता तसंच.

मागच्या खुर्चीतून पाटील मोठ्यानं म्हणाला, "घाबरू नका, आपला हल्या घरी हाये." आमची सगळी माणसं खदखदून हसली. मायसुद्धा हसली. मी तोंड उघडलं होतं, पण हसू आलं नाही.

बा माझ्या कानाशी वाकला. "ह्याची दोरी कोणी धरली व्हती?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तो पुन्हा पडद्याकडे बघत बसला, पण पुढची हडळ, तिची ती मोठी किंकाळी, काही त्याला दिसलं असेल असं वाटत नाही. भुतांचे पिक्चर मी नंतरही पाहिले, आजही पाहतो, आणि वटवाघळाच्या दोरीला अजून हसतो. जनावर आलं की मात्र उठून बाहेर जाऊन उभा राहतो. शेजारचे म्हणतात, म्हातारा भ्यायला. म्हणू देत.

दिवस मावळायच्या आत आम्ही गावात आलो. वाटभर एसटीत पाटलाच्या पटक्याची थट्टा चालली होती आणि पाटील स्वतःच त्यात सामील झाला होता. हल्या चावडीपुढं बसून रवंथ करत होता. सगळ्यांनी आल्या आल्या त्याच्या पाठीवर थापा मारल्या, पिक्चरमध्ये तू मेलास म्हणून त्याला सांगितलं. बा घरात गेला, कडब्याची एक पेंढी आणून त्याच्यापुढं टाकली. मग परत गेला आणि दुसरी आणली.

"एवढी कशाला?" माय म्हणाली. "नासून जाईल."

"दोघांची हाये," बा म्हणाला.

मायनं खाली बसून दोन्ही पेंढ्या सोडल्या. हल्यानं त्या दोन्ही संपवल्या.